काका, एकदा आवाज!

माणसं पहाटे पाचला उठून कवडीपाटला पक्षी बघायला जातात, त्यांना कोणी हसत नाही. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर हॅट, पिशवीत थर्मास, की झाला पक्षिनिरीक्षक. मी आणि आमचे चिरंजीव मात्र रविवारी सकाळी स्कूटरवरून कोथरूडहून थेट कोरेगाव पार्कला गाड्या बघायला जातो म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग मुलाकडे बघतात आणि मग विचारतात, "वहिनी काही म्हणत नाहीत का?" (म्हणतात. भरपूर म्हणतात. ते पुढे येईलच.)

खरं सांगायचं तर दोन्ही छंद सारखेच आहेत. ते शेपटीवरून पक्षी ओळखतात, आम्ही मागच्या दिव्यांवरून गाडी. ते आवाजावरून ओळखतात, आम्हीही. त्यांच्यासारखे आमचेही हंगाम असतात. दसऱ्याला आणि पाडव्याला हार घातलेल्या नव्या कोऱ्या गाड्या बाहेर पडतात. पावसाळा लागला की बुटक्या गाड्या तळघरात आच्छादनाखाली झोपी जातात, त्या थेट ऑक्टोबरात दिसतात. आणि पक्ष्यांसारखंच, ज्या दिवशी कॅमेरा घरी राहतो त्याच दिवशी फेरारी दिसते.

आमच्या खेळाला नियम आहेत. चिरंजीव आठ वर्षांचे असताना त्यांनी शंभर पानी वहीत ते लिहून काढले, आता ते चौदाचे आहेत आणि वही तिसरी चालू आहे. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी या तिघींना शून्य गुण. पुण्यात त्यांना गुण द्यायला लागलो तर सिग्नल सुटेपर्यंत वही भरेल. डिफेंडरला आधी तीन होते, घसरत घसरत आता अर्ध्यावर आली आहे. लॅम्बोर्गिनीची उरुस 2018 साली भारतात आली तेव्हा तिला दहा दिले असते, आता पाच. पोर्शे 911 ला सात. फेरारीला दहा, मग ती कुठलीही असो. रोल्स रॉइसलाही दहा, मागच्या सीटवरचा माणूस पेपर वाचत असेल तर दोन जास्त. काळ्या-पांढऱ्या नक्षीचा बुरखा पांघरून चाचणीला निघालेली, अजून बाजारात न आलेली गाडी दिसली तर चार. ही खास आपल्या पुण्याची मेजवानी, कारण चाकण, पिंपरी आणि 1966 साली स्थापन झालेली, आपल्या टेकडीवरची एआरएआय. टेकडीवर फिरायला जाणाऱ्या निम्म्या लोकांना तिथं गाड्यांचं काय चालतं याचा पत्ता नसतो, पण टेकडीला नाव मात्र तिचंच.

आणि एक शेवटचा नियम. नंबरप्लेट नसलेली, म्हणजे शोरूममधून नुकतीच निघालेली गाडी दिसली तर दोन गुण बोनस.

हा नियम लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

तर झालं असं. परवाच्या रविवारी नऊच्या सुमारास आम्ही नॉर्थ मेन रोडला चहा घेत उभे होतो. समोर कॉलेजातली वाटावीत अशी पाचसहा मुलं, प्रत्येकाच्या हातात फोन. हीसुद्धा आमच्यातलीच, पण आमची वही आणि त्यांचे व्हिडिओ, एवढाच फरक. तेवढ्यात चिरंजीवांनी मान वर केली. "व्ही टेन," ते म्हणाले. अर्ध्या मिनिटाने पिवळी हुराकान वळणावर दिसली. मुलं रस्त्यात उतरली आणि ओरडायला लागली, "काका, एकदा आवाज! काका, एकदाच!"

गाडीतले काका माझ्याच वयाचे होते. पिकलेले केस, साधा टी-शर्ट. ते हसले, गाडी थांबवली आणि जागच्या जागी दोनदा रेस केली. आता हा आवाज ज्यांनी ऐकला नसेल त्यांना कसा सांगू? तो कानांना नंतर ऐकू येतो, छातीला आधी कळतो. मुलांनी जल्लोष केला. माझ्याही चेहऱ्यावर हसू होतं, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

मग मला दिसलं की गाडीच्या पलीकडे फुटपाथला टेकून एक आजी खाली वाकल्या आहेत. त्यांच्या हातातली पिशवी पडून टोमॅटो रस्त्यावर गेले होते. त्यांना काही लागलं वगैरे नव्हतं. दचकल्या, एवढंच. चिरंजीव पळत गेले आणि टोमॅटो गोळा करून दिले. काकांना यातलं काहीच दिसलं नाही, ते निघून गेले. मुलांनाही दिसलं नाही, ती फोनमध्ये आवाज नीट आला का ते तपासत होती.

घरी येईपर्यंत मागच्या सीटवरून एक शब्द आला नाही. एरवी स्कूटरवर मला गाडीचं नाव, साल, सिलिंडर आणि इटलीतलं गावसुद्धा ऐकावं लागतं.

ही खाज मला लागली ती आमच्या अण्णांमुळे. अण्णा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर बजाजच्या स्कूटरवर फिरले. आमच्या लहानपणी, म्हणजे 1980 च्या दशकात, गाड्या ओळखणं हा काही खेळच नव्हता. फियाट आणि अँबॅसेडर, मग मारुती आली. कधीमधी एखादी स्टँडर्ड हेराल्ड किंवा कोणाच्या तरी वाड्यातून बाहेर काढलेली जुनी अमेरिकन बोट. आणि डेक्कनवर अधूनमधून उभी असलेली एक राखाडी मर्सिडीज. ती कोणाची होती हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. ती दिसली की अण्णा स्कूटर बाजूला घेत, मला उतरवत आणि म्हणत, "थांब. ड्रायव्हर येऊ दे. दार लावताना ऐक."

आम्ही थांबायचो. ड्रायव्हर यायचा, दार लागायचं. फियाटचं दार "खडाम" असं लागायचं आणि अर्ध्या वेळा परत लावावं लागायचं. या गाडीचं दार "धप्" करून लागायचं, जसं काही कोणी गादीवर उशी ठेवली. अण्णा माझ्याकडे बघून मान हलवायचे, किक मारायचे आणि आम्ही मंडईत भाजी आणायला जायचो. "आपण कधी घेणार?" असं मी त्यांना विचारल्याचं मला आठवत नाही. गणपतीत आपण रात्र रात्र देखावे बघत हिंडतो, तेव्हा "हा देखावा घरी न्यायचा का?" असं कोणी विचारतं का? तसंच ते होतं. चांगली केलेली वस्तू रस्त्यात फुकट बघायला मिळाली, बघून घ्यावी.

गंमत बघा, मर्सिडीजने भारतात कंपनी काढली 1994 साली आणि ती पुण्यात. आधी पिंपरीत, मग 2009 पासून चाकणला. आज माझा सख्खा भाचा चाकणच्या एका कारखान्यात परदेशी नावाच्या गाड्या जोडतो. दार कसं लागतं हे तपासणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. अण्णा असते तर त्यांनी त्याच्याकडून रोजचा अहवाल घेतला असता.

आता कोणी म्हणेल, हे सगळं श्रीमंतांचं कौतुक चाललंय. तसं नाही हो. गाड्या बघता बघता आमच्या चिरंजीवांना जेवढं नागरिकशास्त्र कळलं तेवढं पुस्तकातून कळलं नसतं. नुसत्या नंबरप्लेटचं बघा. पांढऱ्यावर काळी अक्षरं खासगी, पिवळ्यावर काळी भाड्याची, हिरवी पाटी विजेच्या गाडीची, निळी वकिलातीची, लाल पाटीवर पांढरी अक्षरं विक्रेत्याची आणि पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं तात्पुरत्या नोंदणीची. मग मुलगा विचारतो, "बाबा, या लॅम्बोर्गिनीला पुदुच्चेरीचा नंबर का? हे काका तर मराठी बोलतात." मग त्याला सांगावं लागतं की महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीला किमतीच्या 20 टक्के वाहनकर असतो, त्याची कमाल मर्यादा 20 लाख होती ती 2025 साली 30 लाख झाली, आणि पुदुच्चेरीत हा कर बराच कमी आहे. आणि हेही सांगावं लागतं की दुसऱ्या राज्यातली गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर कायद्याने इथला नंबर घ्यावा लागतो. पुढच्या वर्षी तीच गाडी त्याच नंबरने दिसली की चिरंजीव वहीत एक बारीक फुली मारतात.

सीमाशुल्काचा धडा तर आपल्या सगळ्यांना सचिनने दिला आहे. 2002 साली त्याने ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून फियाटतर्फे त्याला फेरारी 360 मोडेना मिळाली, तीही शूमाकरच्या हस्ते. मग 2003 साली त्या गाडीवरचं एक कोटीहून जास्त शुल्क माफ करण्यावरून देशभर वाद पेटला. आमच्या कट्ट्यावर तर दोन तट पडले होते. एक म्हणे, सचिनला नाही माफ करायचं तर कोणाला? दुसरा म्हणे, कायदा सगळ्यांना सारखा. शेवटी शुल्क भरलं गेलं, कंपनीने भरलं. मी तेव्हा पहिल्या तटात होतो. आज मी दुसऱ्या तटात आहे. वय झालं म्हणा, किंवा पुढे जे सांगणार आहे ते झालं म्हणून म्हणा.

स्पीडब्रेकरवरही बरंच शिकायला मिळतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल माथ्याचा स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. आपल्याकडे तो रात्रीत उगवतो आणि त्याचं माप कोणी घेत नाही. आमच्या भागात एकदा एक बुटकी फेरारी अशाच एका स्पीडब्रेकरपाशी येऊन थांबली. मालक उतरला, त्याने वाकून बघितलं. वडापाववाला गाडी सोडून आला आणि सूत्रं हातात घेतली. "तिरकी घ्या शेठ, तिरकी... अजून... बास! आता सोडा." मागे पीएमटीचा हॉर्न, त्याच्या मागे अर्धं पुणं. शेवटी गाडी इंच इंच करत पार झाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकही हसला. माझ्या पाहण्यातले बहुतेक मालक असेच असतात. जीव मुठीत धरून चालवतात, कारण एका खरचटण्याचा खर्च माझ्या स्कूटरपेक्षा जास्त. म्हणून सरसकट "श्रीमंतांची पोरं" म्हणून बोटं मोडणं मला पटत नाही. आणि कानठळ्यांचंच म्हणाल तर आमच्या गल्लीत रात्री साडेअकराला फटाके फोडत जाणाऱ्या बुलेटला कोणत्याही लॅम्बोर्गिनीने हात टेकावेत.

एवढं सगळं छान चाललेलं असताना 19 मे 2024 ची पहाट आली.

काय झालं ते पुणेकरांना नव्याने सांगायला नको. कल्याणीनगरात रात्री अडीचच्या सुमारास एका पोर्शे टायकॅनने मोटारसायकलला मागून धडक दिली आणि चोवीस-चोवीस वर्षांची दोन तरुण माणसं, दोघंही सॉफ्टवेअर इंजिनियर, मध्य प्रदेशातून इथं नोकरीला आलेली, जागच्या जागी गेली. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला आणि अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध होता. पुढे देशभर संताप उसळला, जामिनाचा आदेश फिरवला गेला, मग उच्च न्यायालय, आणि त्यानंतर जे जे झालं ते तुम्ही वाचलेलं आहे. खटल्याचं काय व्हायचं ते कोर्ट ठरवेल. मला बोलायचं आहे ते त्या सगळ्यातल्या एका बारीक बातमीबद्दल.

त्या गाडीला नंबर नव्हता.

परिवहन खात्याने सांगितलं की गाडीची कायम नोंदणी मार्चपासून रखडली होती, कारण शुल्क भरलेलं नव्हतं. विजेच्या गाडीला वाहनकर माफ होता, उरलं होतं फक्त नोंदणीचं शुल्क. किती? 1,758 रुपये. त्याच वर्षी ऑगस्टपासून पुण्या-मुंबईत चारचाकीला 0001 हा नंबर हवा असेल तर 6 लाख रुपये शुल्क झालं. म्हणजे नंबरासाठी लाखो रुपये मोजणारे लोक ज्या शहरात आहेत, त्याच शहरात कोट्यवधींची एक गाडी 1,758 रुपयांवाचून बिननंबरी फिरत होती आणि तिला कोणी अडवलं नाही.

बातमी मोठ्याने वाचून झाल्यावर मी पेपर खाली ठेवला. चिरंजीव तेव्हा बाराचे होते. त्यांनी थोडा वेळ काही विचारलं नाही, मग म्हणाले, "बाबा, आपल्या वहीत हिला नऊ मिळाले असते. सात अधिक दोन."

मंडळी, मी त्या वेळी त्याला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. बहुधा दिलंच नसेल. कल्याणीनगर आमच्या रविवारच्या वाटेवरच आहे, तो पूल ओलांडला की आलंच. मार्च ते मे या काळात आम्ही तिथून आठदहा वेळा तरी गेलो असू. ती गाडी आम्हाला दिसली नाही, मी वही तपासली. पण दिसली असती तर? आम्ही खुशीने टाळी दिली असती. बिननंबरी, म्हणजे नवी कोरी, म्हणजे बोनस. पोलिसाने अडवायचं राहिलं, परिवहन खात्याने बघायचं राहिलं, हे सगळं मी त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर तावातावाने बोलत होतो. आणि माझ्या घरात एक वही होती, जिच्यात कायदा मोडलेल्या गाडीला मी मुलाला दोन गुण जास्त द्यायला शिकवलं होतं.

कायदा काय म्हणतो ते मी त्यानंतर नीट वाचलं. बिननोंदणीची गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. 1 एप्रिल 2019 पासून तर नव्या गाडीची नंबरप्लेट गाडीबरोबरच येते, त्यामुळे "नवी आहे, नंबर यायचाय" हे कारण आता चालण्यासारखं नाही. आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे मी चिरंजीवांना शब्दशः वाचून दाखवलं. अजून चार वर्षांनी स्कूटरची किल्ली मागायला तेच येणार आहेत.

आता मी मुद्द्याचं बोलतो.

मला वाटतं, या गाड्यांचा अर्धा भाग कारखान्यात बनतो आणि उरलेला अर्धा आपण बघणारे बनवतो. हुराकानमध्ये 610 अश्वशक्ती आणि माझ्या स्कूटरमध्ये साधारण 8. नगर रस्त्याला संध्याकाळी सात वाजता दोघी एकाच वेगाने जातात, बऱ्याचदा मी पुढे असतो. मग त्या 610 चं पुण्यात काय होतं? त्या बघितल्या जातात. 2010 च्या ऑक्टोबरात औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दीडशे मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या गेल्या, 65 कोटींचा सौदा. एक-एक करून घेतल्या असत्या तर कोणाच्या लक्षात आलं असतं? आमचं शहर मागे नाही हे जगाला दिसावं, हीच तर त्यातली गोष्ट होती. आणि जगाने बघितलंही. बघणारा नसेल तर गाडी ही शेवटी चार चाकंच.

आणि बघणाऱ्याला एवढं महत्त्व असेल, तर त्याची थोडी जबाबदारीही आली की नाही? तमाशात शिट्टी कुठे वाजते त्यावरून नाच कुठे रंगवायचा हे ठरतं. आपण "काका, एकदा आवाज" ओरडतो, काका आवाज करतात. आपण व्हिडिओत वेगाचा काटा दिसला की अंगठा दाबतो, मग पुढचा कोणीतरी काटा अजून पुढे नेतो. परवाच्या त्या पिवळ्या गाडीतल्या काकांना मी दोष कसा देऊ? ते आपल्या वाटेने मुकाट चालले होते. आवाज आम्ही मागितला. आजींचे टोमॅटो आम्ही सांडले.

हे बोललो की आमच्या घरात दोन आक्षेप येतात. पहिला हिचा. ही म्हणते, "एवढं कळतंय तर मग बघणंच सोडा. रविवारी सकाळी माळा आवरा." दुसरा माझ्या मोठ्या भावाचा. तो म्हणतो, "तुम्ही टाळ्या वाजवा नाहीतर डोळे मिटून घ्या, ज्याला उडवायचंय तो उडवणारच. कायद्याचं काम कायद्याने करावं, तू कशाला अंगाला लावून घेतोस?"

भावाचं अर्धं मला मान्य आहे. पहाटे अडीच वाजता रस्त्यावर टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. ती गाडी विजेची, तिला आवाजही नव्हता. आमची वही नसती तरी ते घडलंच असतं आणि त्याचा जाब ज्यांनी द्यायचा त्यांनीच दिला पाहिजे, तिथे माझ्या पश्चात्तापाचा काही उपयोग नाही. पण एखादी गोष्ट वाईट आहे हे मुलांना कळायच्या आधी ती भारी आहे हे कळतं, आणि ते त्यांना कायदा शिकवत नाही. आपण शिकवतो, आपल्या चेहऱ्यावरच्या हसण्याने. तेवढं तर माझ्या हातात आहे ना?

आणि बघणं सोडायचं म्हणाल, तर ते जमणार नाही. अण्णांनी मला जे दाखवलं ते खोटं नव्हतं. दार लागतानाचा तो "धप्" कोणीतरी वर्षानुवर्षं डोकं लावून आणलेला असतो. भाचा म्हणतो, "मामा, दाराच्या रबरात जरा फरक पडला तरी आम्ही परत पाठवतो." अशी नीट केलेली वस्तू बघून माणसाला बरं वाटलं नाही तर कशाने वाटायचं? आणि आता विचार केल्यावर लक्षात येतं, अण्णांनी मला गाडी नेहमी उभी असतानाच दाखवली. धावताना नाही.

तेव्हा वहीत नवे नियम लिहिले गेले. अक्षर चिरंजीवांचं, सही दोघांची. बिननंबरी गाडीला बोनस नाही, उलट सगळे गुण जप्त, मग ती फेरारी का असेना. स्कूटर चालवताना फोटो काढायचा नाही, पाठलाग करायचा नाही. आवाज मागायचा नाही. झेब्रा क्रॉसिंगच्या मागे थांबलेल्या कोणत्याही महाग गाडीला एक गुण जास्त. (हा एक गुण गेल्या दोन वर्षांत किती वेळा द्यायला मिळाला हे मी सांगत नाही, पुण्याची बदनामी नको.) हे नियम 2024 च्या जूनमधले आहेत. तरीही परवा नॉर्थ मेन रोडला मी हसलोच. चिरंजीव हसले नाहीत, ते टोमॅटो उचलायला गेले. म्हणजे नियम मी लिहून घेतले आणि पाळले त्याने, असं झालं.

संध्याकाळी मी वही उघडून बघितली. परवाच्या तारखेला हुराकान लिहिलेली होती. पुढे आठ गुण, मग ते खोडून शून्य. शेजारी कंसात लिहिलं होतं, "बाबांनी मागितला नव्हता, पण हसले."

घ्या! आता याच्यावर काय बोलणार?

असो. येत्या रविवारी आम्ही कोरेगाव पार्कऐवजी पौड रस्त्याला जाणार आहोत, बुरख्यातली एखादी गाडी दिसते का बघायला. कोणाला यायचं असेल तर सकाळी साडेसातला चहाच्या टपरीवर या. दादा, तूही ये, भांडायला. चहा माझ्याकडून. माळा त्याच्या पुढच्या रविवारी नक्की.